वाचक विचारतात: गोल्फ कार्ट उंच केली आणि मागची बाजू दगड झाली

प्रश्न : आम्ही जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत राहतो. इथे सुमारे 100 मैल कार्टचे रस्ते आहेत आणि किराण्यापासून शाळेपर्यंत सगळं कार्टनेच होतं. आमच्या 48 व्होल्टच्या ई-झी-गो टीएक्सटीला 6 इंची लिफ्ट किट आणि 22 इंची टायर बसवले. पुढची बाजू छान चालते, पण झाडाच्या मुळाने वर आलेल्या रस्त्यावर मागची बाजू दणकन आदळते. मागच्या सीटवर आई बसतात, त्यांची कंबर धरते. पाटे मूळचेच आहेत. किट परत काढावं का?
— एक वाचक, पीचट्री सिटी

उत्तर : किट काढू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे पाटे मूळचेच आहेत. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग, एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची (पानांची) कमान. पाट्याचा कडकपणा त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि पानांची संख्या यांवर ठरतो. किटमधला ब्लॉक किंवा ब्रॅकेट ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि पाटा यांमधलं अंतर बदलतो, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दोन पट्ट्यांचा झुलता दुवा) पाट्याचं ते टोक खाली नेतो. यातलं काहीच पाट्याला जाड करत नाही. म्हणजे पाटा पूर्वीइतकाच मऊ आहे, त्याला हलू न देणारं काहीतरी मधे आलं आहे. ते शोधायचं, आणि स्वस्तापासून सुरुवात करायची.

आधी हवा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, आणि दुकानातून टायर बरेचदा तेवढी हवा भरूनच येतात. थंड टायरमध्ये 15 पीएसआयपर्यंत उतरवा आणि त्याच रस्त्यावर फिरून या. मग दोन-दोन पीएसआयने खाली या, पण चौघं बसल्यावर टायरची भिंत बाहेर फुगताना दिसली की थांबा. रिम 12 किंवा 14 इंची आणि टायर बुटका असेल, तर रबराची उंचीच कमी असते. तिथे हवेने थोडाच फरक पडेल.

हवेने भागलं नाही तर गाडी वर घ्यावी लागेल. गाडीचा स्विच ‘टो’वर (ओढून नेण्याच्या स्थितीत) करा, मग बॅटऱ्यांची मुख्य ऋण तार काढा. चाक अधांतरी असताना चुकून पॅडल दाबलं गेलं तर ते पूर्ण वेगाने फिरतं, म्हणून ही पायरी गाळू नका. पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावा आणि घोड्या (जॅक स्टँड) चासीखाली ठेवा, ॲक्सलखाली नाही. ॲक्सल मोकळा लोंबायला हवा.

आता शॉकअपचा खालचा बोल्ट दोन्हीकडून काढा आणि गाडी परत जमिनीवर घ्या. मागच्या बंपरवर दोन्ही हातांनी वजन टाकून दाबा. आता ती सहज खालीवर झाली तर दोष शॉकअपचा. तरीही जागची हलली नाही तर दोष बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकातलं अस्तर) आणि शॅकलमध्ये. या एका चाचणीने निम्मं काम होतं, आणि लोक नेमकी हीच सोडून आधी नवे पाटे मागवतात. (शॉकअप काढलेल्या अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नका.)

शॉकअप दोषी निघाला तर तो हातात घेऊन मोजा. दोन्ही टोकांच्या डोळ्यांच्या (बोल्टच्या भोकांच्या) मध्यापासून मध्यापर्यंत, पूर्ण ताणून एक माप, पूर्ण दाबून दुसरं. समजा ताणून 14 इंच आणि दाबून 9 इंच आलं, तर खेळ 5 इंचांचा. गाडीत नेहमीची माणसं बसवून वरच्या आणि खालच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजा. ते 11 ते 12 इंचांच्या मधे यायला हवं. साडेतेराच्या पुढे गेलं तर शॉकअप आधीच ताणून संपला आहे. चाक खड्ड्यात उतरू शकत नाही, मागची बाजूच त्याच्यासोबत खाली ओढली जाते आणि ‘ठक’ असा आवाज येतो. किटमध्ये जुनेच शॉकअप वापरायला सांगितले असतील आणि त्यांच्या खालच्या टोकासाठी दिलेलं जोडब्रॅकेट लावायचं राहून गेलं असेल, तर हेच होतं. उलट कोणी ‘लिफ्टसाठी’ म्हणून जास्त लांब शॉकअप जुन्याच जागी लावले असतील, तर अंतर साडेनऊच्या आसपास येतं. मग प्रत्येक उंचवट्यावर शॉकअप तळाला टेकतो आणि धक्का थेट चासीला बसतो. तुमचं ‘दणकन’ वाचून आमचा पहिला संशय यावरच आहे. जागा बदलणारं ब्रॅकेट लावा, किंवा मोजलेलं अंतर खेळाच्या मध्यावर येईल असे शॉकअप घ्या. किटच्या खोक्यावर लिहिलेल्या इंचांवर विसंबून शॉकअप मागवू नका.

बुश दोषी निघाला तर मामला जास्त नाजूक असतो. पाट्याच्या डोळ्यात प्लॅस्टिक किंवा युरेथेनचा बुश, आणि त्याच्या आत पोलादी नळी. नट आवळला की शॅकलच्या दोन पट्ट्या या नळीवर घट्ट बसतात, आणि बुश नळीभोवती मोकळा फिरतो. यासाठी नळी बुशपेक्षा कणभर लांब लागते. एक बुश काढून टेबलावर उभा करा आणि वरून बोट फिरवा. नळीची कड बोटाला लागली पाहिजे. बुशच वर आलेला असेल, किंवा जोडताना नळी घालायचीच राहिली असेल, तर पट्ट्या बुशलाच चिमटतात. मग पाटा आणि शॅकल मिळून एकच ताठ लोखंड होतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गाडी घोड्यांवर, ॲक्सल लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळणं. बुश रबराचे असतील तर ते त्याच स्थितीत धरले जातात आणि गाडी खाली आली की पिळले जातात. म्हणून शॅकलचे आणि पाट्याच्या पुढच्या टोकाचे, दोन्हीकडचे बोल्ट एक-दोन आटे सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, मागे चार-पाचदा दाबून झुलवा आणि मगच आवळा. सैल करताच मागची उंची अर्धा-पाऊण इंच खाली बसली तर दोष सापडला. नायलॉनवाले नट एकदा काढले की नवे घाला, जुने कंपनाने सुटतात.

तिथेच वाकलेले असताना शॅकलचा कोन बघा. भार आला की कमानदार पाटा सरळ होतो, म्हणजे लांबतो. ती जास्तीची लांबी शॅकल मागे झुलून सामावून घेतो. रिकाम्या गाडीत शॅकल साधारण उभा किंवा किंचित मागे कललेला हवा. आधीच मागे जाऊन चासीला टेकला असेल तर त्याला झुलायला जागाच नाही. पाट्याच्या मधल्या पिनचं डोकं ब्लॉकच्या भोकात नीट बसलंय का तेही बघा. ते कडेला चढलं असेल तर ॲक्सल तिरका होतो आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट कितीही आवळले तरी सैल पडतात. पहिल्या 20-30 मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचेच असतात.

गाडी वर आहे तोवर ॲक्सल लोंबत असताना ब्रेकच्या केबल आणि मोटरच्या जाड तारा ताणल्या जात नाहीत ना, हेही बघून घ्या. केबल ताणली तर चाक ब्रेक घासत चालतं.

आईंना आराम मिळावा म्हणून पाटे मुद्दाम मऊ करू नका, अशी मात्र आमची कळकळीची विनंती आहे. उंच झालेली गाडी वळणावर आधीच जास्त कलते, आणि मागच्या सीटवरची माणसं ॲक्सलच्याही मागे बसतात. त्यात 18 वरून 22 इंची टायरमुळे तीच मोटर गाडीला सुमारे 22 टक्के जास्त वेगाने नेऊ शकते. अडकलेलं मोकळं करा, पाट्याची ताकद मात्र तेवढीच ठेवा.

प्रश्न : लिफ्टबरोबर आम्ही जास्त पानांचे हेवी ड्यूटी पाटे घातले आणि शिसे-आम्लाच्या सहा बॅटऱ्या काढून एक लिथियम बॅटरी बसवली. आता मागची बाजू बोर्डासारखी ताठ आहे. एखादं पान काढून टाकलं तर?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : तुम्ही एकाच वेळी पाटे कडक केले आणि त्यांच्यावरचं वजन काढून घेतलं. 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकेक 28-29 किलोची, म्हणजे 170 किलोंच्या आसपास. लिथियमची एक बॅटरी बहुधा 50 किलोंच्या आत असते. सीटखालून सव्वाशे किलो गेले, आणि हे वजन बरंचसं मागच्या ॲक्सलवर होतं. दुसरीकडे, पानाची जाडी 6 मिलिमीटरवरून 7 केली की तेवढ्यानेच कडकपणा सुमारे 1.6 पट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

मुख्य पानाला हात लावू नका, डोळे त्यालाच असतात. सगळ्यात खालचं आखूड पान काढता येईल, पण दोन्ही बाजूंचं एकदम काढा, मधली पिन आखूड घाला आणि यू-बोल्टचे आटे पुरतात का बघा. मागे नेहमी दोन माणसं बसत असतील तर पान काढण्यापेक्षा दुहेरी काम करणारे पाटे घ्या. त्यांचं खालचं पान रिकाम्या गाडीत मोकळं राहतं आणि भार आल्यावरच टेकतं. मागची सीट नावालाच असेल, तर मूळचे पाटे परत घाला. ते फेकून दिले नसतील अशी आशा आहे.

प्रश्न : किट बसवल्यापासून मागून सतत किरकिर येते. तेल सोडलं की दोन दिवस थांबते.

उत्तर : तेल सोडू नका, खनिज तेलाने रबर फुगतं आणि त्यावर धूळ चिकटते. बुश काढून पुसा, नळीवर चरे पडले असतील तर नळी बदला, आणि आतबाहेर सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. शॅकलच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बुश घासून चकाकी आली असेल, तर बोल्टपेक्षा नळीची लांबी आधी तपासा.