बीड जिल्ह्यातून वडिलांच्या बायपाससाठी मुंबईलाच जावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी वडिलांना बायपास सांगितली आहे, घरी केशरी रेशनकार्ड आहे आणि हाताशी पैसे नाहीत. लगेच मुंबई गाठू नका. गावाकडच्या पेशंटांबरोबर मी बरीच वर्षं दवाखान्यांच्या फेऱ्या मारतोय, त्यावरून सांगतो: आधी दवाखाना कोणाचा आहे हे विचारा. पैसे किती लागणार आणि कागद कोणते, हे त्यावरच ठरतं.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बीडचं सिव्हिल ही सार्वजनिक आरोग्य विभागाची साखळी. ऑगस्ट 2023 पासून इथे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरची घाटी, पुण्याचं ससून ही मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची. तिथे थोडं शुल्क लागतं, म्हणून लोक गोंधळतात. मुंबईचं केईएम, सायन, नायर तर महापालिकेचं.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली ती आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, पांढऱ्यालासुद्धा, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. बायपास तिच्यात बसते, आणि योजनेत खासगी दवाखानेही आहेत. जवळचा कुठला दवाखाना हृदयाच्या ऑपरेशनसाठी योजनेत आहे ते 155388 वर विचारा. तिथे गेल्यावर थेट काउंटरवर पैसे भरू नका, आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा. रेशनकार्ड, आधार, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी सोबत ठेवा. ऑपरेशनला आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती येण्याआधी स्वतः भरलेले पैसे परत मिळवताना माणसं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

योजनेत जमलं नाही तर धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेली रुग्णालयं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने त्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. "खाटा भरल्यात" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा, नाही दिलं तर धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करा. हा आपला हक्क आहे, हात जोडून मागायची गोष्ट नाही.

आणि तारखेची वाट बघताना वडिलांच्या छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर यातलं काहीही बघत बसू नका. 108 लावा. अशा वेळी धर्मादाय रुग्णालयालाही पेशंट आधी दाखल करून घ्यावाच लागतो, अनामत रकमेसाठी दारात अडवता येत नाही.