क्लिप कापली जाणार, हे धरून चाल

चि.,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या बातम्यांसाठी यूट्यूब चॅनल आणि व्हॉट्सॲप ग्रुप सुरू करायचं ठरवलंस, सुरुवात कशापासून करू असं विचारलंस. कॅमेरा, माइक, लोगो यांचं नंतर बघू. आधी एक गोष्ट पक्की धर: तू टाकलेली प्रत्येक क्लिप कोणीतरी कापणार आहे. तुझं नाव, तुझा खुलासा, ‘अद्याप दुजोरा मिळालेला नाही’ हे वाक्य, सगळं गळून पडेल आणि उरलेले वीस सेकंद गावोगाव फिरतील. त्या वीस सेकंदांचीही जबाबदारी घेता यावी, असं काम करायचं.

१ जुलै २०१८ हा रविवार विसरू नको. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक कराचीची होती. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात, एवढंच तिच्यात दिसे. मूळ फीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. शेवटी तेच दोघे पोराला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. फिरलेल्या प्रतीत तो शेवट नव्हता. दुसऱ्या एका क्लिपमधली मुलांची प्रेतं २०१३ मध्ये सीरियात झालेल्या रासायनिक हल्ल्यातली होती. ही दृश्यं कोणाला संगणकावर बनवावी लागली नाहीत. कराचीच्या फितीचा शेवट छाटला, सीरियाच्या दृश्यांवरचं ठिकाण पुसलं, काम झालं.

कराचीची फीत करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण खुलासा त्यांनी शेवटी ठेवला, आणि कापायला सगळ्यात सोपा शेवटच असतो. म्हणून तुझ्या व्हिडिओत गाव आणि तारीख पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत दिसली पाहिजे, आणि तीही कोपऱ्यात नको. कोपरा क्रॉप होतो. बोलणाऱ्याच्या छातीच्या पातळीवर पट्टी ठेव, म्हणजे ती काढायला गेलं तर माणूसच कापला जाईल. जुनं फूटेज वापरलंस तर ‘जुनं दृश्य’ आणि साल पूर्ण वेळ दिसू दे. वाक्यांचंही तसंच. ‘चोर पकडले’ म्हणायचं आणि पुढच्या वाक्यात ‘असा संशय आहे’ जोडायचं, हे चालणार नाही. ‘चोरीच्या संशयावरून दोघांना पोलिसांनी ताब्यात घेतलं’ हे एका दमात बोल. ताब्यात घेणं वेगळं, अटक वेगळी, दोष सिद्ध होणं त्याहून वेगळं. ठाण्यात विचार आणि तोच शब्द वापर.

खोट्या क्लिपचा खुलासा करताना ती क्लिप जोडू नको. एक स्थिरचित्र घे, त्यावर आडवं ‘खोटं’ असं मोठ्या अक्षरांत लिही. मथळ्यात अफवा पुन्हा सांगू नको, खरं काय ते सांग: ‘ही क्लिप कराचीची, आपल्या ठाण्यात मूल पळवल्याची तक्रार सायंकाळी ६ पर्यंत नाही.’ दुसरा अर्धा भाग ठाण्यात विचारल्याशिवाय लिहायचा नाही, आणि वेळ लिहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

आता आलेली क्लिप तपासायची कशी. पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न: तुम्ही स्वतः काढलीत का? नसेल, तर कोणाकडून आली? असं करत मागे मागे जा. व्हॉट्सॲपवर क्लिपच्या डोक्यावर ‘फॉरवर्ड’चे दोन बाण दिसले तर ती पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेली आहे. बाण नसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नको. फोनमध्ये सेव्ह करून नव्यानं टाकली की बाण नाहीसे होतात. मूळ काढणारा सापडलाच तर त्याला ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग. नेहमीसारखी पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि कधी, कुठे, कशावर काढली ही माहिती निघून जाते.

मग चारपाच जागी क्लिप थांबवून स्क्रीनशॉट घे आणि गूगल लेन्स व यांडेक्सवर शोध. काही सापडलं नाही तर चित्र आडवं पलटून पुन्हा शोध, कारण पकडलं जाऊ नये म्हणून पुष्कळदा उलटं करून टाकतात. इथे एक चूक हमखास होते: लेन्सला काही मिळालं नाही की माणूस क्लिप ताजी आहे असं धरून चालतो. त्या यंत्राला ती दिसली नाही, इतकाच त्याचा अर्थ. पुढे डोळ्यांनी बघ. गाडीचा नंबर एमएच १८ म्हणजे धुळ्याचा आहे का, दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, एसटीवर कुठला फलक आहे, शेतात पीक कोणतं उभं आहे. नंतर डोळे मिटून नुसतं ऐक. चित्र एकीकडचं आणि आवाज दुसरीकडचा असेल तर बोलीवरून कळतं. शेवटी फोन, दोन तरी: एक त्या ठिकाणच्या माणसाला, एक ठाण्याला. दोघांनी ‘हो, मीही बघितलं’ म्हटलं आणि दोघांनी एकाच ग्रुपवर बघितलेलं असलं, तर तुझ्या हातात एकच माहिती आहे. तीही ऐकीव.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बातमीत ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं. बलात्काराच्या बातमीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. नाव गाळलं म्हणजे संपलं असं नाही. शाळेचा गणवेश, बापाचा आवाज, घरापुढची तुळस आणि बाजूचं किराणा दुकान, एवढ्यावर अख्खा गाव ओळखतो. अशा घरापुढून लाइव्ह करायचं नाही. कधीच नाही.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रश्न लेखी पाठव, उत्तराची मुदत लिहून. त्याचं म्हणणं आरोपाच्या लगेच शेजारी दे. आणि चूक झालीच, तर गुपचूप डिलीट करू नको. तुझ्याकडची प्रत जाईल, इतरांकडच्या राहतील, आणि त्यांना खोटं पाडणारं तुझ्या नावाचं काहीच उरणार नाही. ज्या ज्या ग्रुपवर बातमी गेली तिथे तिथे दुरुस्ती पाठव, त्याच चित्रावर, तारीख आणि वेळ घालून.

सगळ्यात जास्त वेळ ग्रामसभेला दे, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तिथे भांडण होतं, ते मोबाइलवर टिपलं जातं, भांडणाची क्लिप फिरते आणि ठराव कोणी वाचत नाही. कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी असेल तो. म्हणून पोचल्याबरोबर डोकी मोज. कोरम नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. गावाचे पुष्कळ निर्णय त्या रिकाम्या सभेत होतात. तिथे तू हजर असलंच पाहिजे. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि रक्कम वहीत उतरव. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, त्याच्याशी ताडून बघ.

जुळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘रस्ता खराब का झाला’ असं विचारलंस तर उत्तर येणार नाही, कारण कारणं सांगणं जनमाहिती अधिकाऱ्याकडून अपेक्षितच नाही. कागद माग: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली देयकं यांच्या प्रती. ३० दिवसांत आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेली रुंदी आणि जाडी घेऊन टेपसह रस्त्यावर जा, मोजताना चित्रण कर, आणि टेपचा आकडा व पुस्तिकेचं पान एकाच चौकटीत घे. ती क्लिप कशीही कापली तरी खोटी बोलणार नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी फलकावर लागायला हवी. ८ तारखेला सकाळी ग्रामपंचायतीत जा. लागली असेल तर विषयपत्रिकेसह फोटो काढ आणि ग्रुपवर टाक. लागली नसेल तर रिकाम्या फलकाचा काढ, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी धरून.

तुझा,
काका