आधी चित्र की आधी चित्रकार?

प्रश्न : बेळगावच्या प्रदर्शनात जलरंगातली पावसाळी चित्रं पाहिली. चित्रकार बोलल्यावर तीच चित्रं वेगळी दिसू लागली. मग आधी ऐकावं की पाहावं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी पाहा, तेही नावाची पट्टी न वाचता. एका चित्रासमोर निदान पाच मिनिटं थांबा, नजर कुठे अडते ते टिपून ठेवा. मग ऐका. ‘अर्थ काय?’ असं विचारलंत तर गोष्ट ऐकायला मिळते आणि पुढे चित्रात तेवढीच दिसत राहते. हा धोका खरा आहे. त्यापेक्षा ‘हा पांढरा कसा ठेवला?’ असं विचारा. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे बहुधा कोरा सोडलेला कागद. ओल्या रस्त्यावरची चमक मागाहून लावलेली नसते, पहिल्या हातापासून राखलेली असते. हे कळलं की चित्रकारानं काय रंगवलं नाही, तेही दिसायला लागतं. कडाही बघा: पसरलेली मऊ कड ओल्या कागदावरची, धारदार कड वाळलेल्यावरची. नंतर पुन्हा त्याच चित्रासमोर जा. बोलण्यातलं काही चित्रात सापडलं नाही तर नेमकी जागा दाखवून विचारा. असा प्रश्न बहुतेक चित्रकारांना आवडतो.