अमेरिकेला ‘राष्ट्रपती’ नसतो

सोलापूरहून आलेला प्रश्न असा: अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांत कुणी ‘राष्ट्रपती’ लिहितं, कुणी ‘राष्ट्राध्यक्ष’, कुणी नुसतं ‘अध्यक्ष’. बरोबर काय? शिवाय ‘नव्या प्रशासनाबद्दल जनतेत आशा-आशंका’ असं एक शीर्षक वाचलं. प्रशासन म्हणजे सरकारच का? आणि आशंका म्हणजे भीती का?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: अध्यक्ष. अमेरिकेचे अध्यक्ष, भारताचे राष्ट्रपती. हिंदी दोघांनाही ‘राष्ट्रपति’ म्हणते, तो हिंदीचा प्रश्न. हिंदी बातमी घाईघाईनं मराठीत ओतली की ‘अमेरिकेचे राष्ट्रपती’ बाहेर पडतात आणि पाठोपाठ ‘शपथविधी’चं ‘शपथग्रहण’ होतं. सोलापुरात तरी ही चूक व्हायला नको. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली तेलुगू ऐका किंवा अक्कलकोटकडची कन्नड: तिथेही दिल्लीत राष्ट्रपती आणि वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षच बसतात. तीन शेजारी भाषा एक भेद पाळत असताना चौथीचं अनुकरण कशाला? (तेलुगूत ‘राष्ट्रम्’ म्हणजे राज्य, प्रांत. त्या हिशेबानं राष्ट्रपती मुंबईत राज्यपालांच्या जागी बसायला हवेत. तरीही तेलुगू माणूस गोंधळत नाही.)

‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द चुकीचा नाही, फुगवलेला आहे. गल्लीतल्या गणेश मंडळाला अध्यक्ष, यंत्रमागवाल्यांच्या संघाला अध्यक्ष, जिल्हा परिषदेला अध्यक्ष, मग एवढ्या बलाढ्य माणसालाही तेच पद कसं द्यायचं, या संकोचातून ‘राष्ट्र’ चिकटवलं जातं. हा संकोच नवा नाही, आपलाही नाही. १७८९ साली अमेरिकेच्या सेनेटमध्ये नेमका यावरूनच वाद झाला. उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांची तक्रार होती की प्रेसिडेंट तर आग विझवणाऱ्या मंडळांचे आणि क्रिकेट क्लबाचेही असतात! सेनेटच्या समितीनं सुचवलेली पदवी होती ‘हिज हायनेस, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्यांचे रक्षक’. प्रतिनिधिगृहानं ती धुडकावली. एक राजा नुकताच घालवला होता, दुसरा पदवीच्या दारानं आत यायला नको, ही धास्ती त्यामागे होती. म्हणजे तो शब्द मुद्दाम मंडळाच्या अध्यक्षाएवढाच ठेवलेला आहे. मराठीत त्याला ‘राष्ट्राध्यक्ष’ करणारे २३०-२४० वर्षांपूर्वी हरलेल्या अ‍ॅडम्सची बाजू लढवताहेत. दहा देशांचे प्रमुख एकत्र जमले, तर त्यांच्यासाठी ‘राष्ट्रप्रमुख’ आहेच.

आता खरी गंमत. प्रेसिडेंट हा शब्द लॅटिन. पुढे बसणारा, एवढाच त्याचा अर्थ. (त्यातला बसण्याचा धातू आणि आपल्या ‘सभासद’, ‘परिषद’ यांतला सद् एकाच कुळातले.) ‘अध्यक्ष’ मात्र अधि + अक्ष, म्हणजे ज्याचा डोळा वर आहे तो. इंग्रजी शब्द बसतो, आपला शब्द बघतो. अक्ष म्हणजे गाडीची आस, म्हणून ज्याच्याभोवती सगळा कारभार फिरतो तो अध्यक्ष, अशी एक व्युत्पत्ती काही जाणकार भाषणांत ठोकून देतात. टाळ्या मिळतात, पुरावा मिळत नाही. संस्कृतात अध्यक्ष म्हणजे साक्षीदार, डोळ्यांपुढचा, प्रत्यक्ष असेही अर्थ आहेत. ‘प्रत्यक्ष’ आणि ‘परोक्ष’ शेजारी ठेवून पाहा. तिथे आस कुठे बसवणार?

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण या अध्यक्षांनी भरलेलं आहे: सीताध्यक्ष शेतीवर, शुल्काध्यक्ष जकातीवर, नावध्यक्ष नौकांवर. सोलापूरकरानं वाचावा तो सूत्राध्यक्ष, म्हणजे सूत-कापडावरचा अधिकारी. विधवा, अपंग स्त्रिया, संन्यासिनी, दंड अंगमेहनतीनं फेडणाऱ्या बायका यांच्याकडून लोकर, कापूस, ताग, जवसाचं सूत काढून घ्यायचं. सूत तलम, जाडं की मध्यम हे बघून वेतन ठरवायचं. पहाटे सूत्रशाळेत माल द्यायला आलेल्या बाईसाठी दिवा लावायचा तो फक्त सूत तपासण्यापुरता. त्या उजेडात अधिकाऱ्यानं तिचं तोंड न्याहाळलं किंवा कामाव्यतिरिक्त काही बोलला, तर त्याला पहिल्या प्रतीचा दंड, ४८ ते ९६ पण (त्या काळचं नाणं). वेतन द्यायला उशीर केला तर मधल्या प्रतीचा, २०० ते ५०० पण. वाईट नजरेपेक्षा थकवलेला पगार महाग! पण तिनं वेतन घेऊन काम केलं नाही, तर तिचा अंगठा कापायचा. सरकारकडून आशा आणि सरकारची भीती एकाच प्रकरणात, चार ओळींच्या अंतरानं. अध्यक्ष या शब्दाचे हे दोन चेहरे मूळचेच आहेत: वरचा डोळा आपली काळजी घ्यायला आहे की आपल्यावर पाळत ठेवायला, हे त्या शब्दावरून कधीच कळत नाही. मराठीनं हीच जोडी ‘सरकार’ला दिली. एकीकडे ‘मायबाप सरकार’, दुसरीकडे ‘सरकारजमा’ आणि ‘सरकारी पाहुणचार’.

याच्याही आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२९व्या सूक्तात हा शब्द येतो: ‘यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्’. परम आकाशात बसलेला या सृष्टीचा जो अध्यक्ष, त्यालाच हे सगळं ठाऊक. किंवा त्यालाही ठाऊक नसेल. निवडणुकीनंतर मतदाराला पडणारा प्रश्न वेदात अध्यक्षाविषयीच विचारलेला आहे. याला बादरायण संबंध म्हणणारे म्हणोत.

राष्ट्रपती हा शब्दही काही घटनेबरोबर जन्मलेला नाही. १९५० पूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक आदरानं राष्ट्रपती म्हणत. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त ‘राष्ट्रपति’ याच शीर्षकाचा लेख आला. जवाहरलाल नेहरूंमध्ये हुकूमशहा होण्याचा ऐवज आहे, आपल्याला सीझर नकोत, असा त्याचा रोख. लेखक ‘चाणक्य’ म्हणजे खुद्द नेहरूच, हे नंतर उघड झालं. पदावरच्या माणसानं स्वतःविषयीची धास्ती लोकांपुढे मांडायला टोपणनाव घेतलं तेही कौटिल्याचं!

‘पती’ म्हणजे नवरा, मग बाई राष्ट्रपती झाल्या तर काय, ही शंका २००७ साली प्रतिभा पाटलांच्या वेळी निघाली आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मूंच्या वेळी एका खासदाराच्या तोंडून ‘राष्ट्रपत्नी’ असा भलताच शब्द गेला. पाणिनीनं दोन्ही पती वेगळे चालवले आहेत. सूत्र तीनच शब्दांचं: ‘पतिः समास एव’. संस्कृत विभक्तीत एकटा पती ‘पत्या, पत्ये’ असा आडमुठा चालतो, समासातला ‘भूपतिना, भूपतये’ असा ‘हरि’ या शब्दासारखा सरळ. सभापती, सेनापती, कुलपती या बायकाही असतात आणि कुणाचं काही अडत नाही. लिहिताना मात्र ‘राष्ट्रपती’ एकटा असताना दीर्घ, ‘राष्ट्रपतिपद’ या समासात ऱ्हस्व. ‘राष्ट्रपतीपद’ लिहिणाऱ्यांना पाणिनी सोडा, मराठीचे लेखननियमही माफ करणार नाहीत.

आणखी एक फरक. अमेरिकेत अध्यक्षपदाला निदान मतपत्रिका लोकांच्या हातात येते, मग ५३८ निर्वाचकांपैकी २७० कुणाकडे, हे पाहायचं. आपल्या राष्ट्रपतिपदाला ती येतच नाही. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. सोलापूर जिल्ह्यात ११ मतदारसंघ, म्हणजे आमदारांच्या हाती १,९२५. खासदार त्याशिवाय. त्यामुळे या निवडणुकीच्या काळात आपल्याकडे रस्त्यावर ना फार आशा दिसते ना भीती. मराठी माणूस हा शब्द दचकून ऐकतो तो ‘राष्ट्रपती राजवट’ या जोडीतच: १९८०, २०१४, आणि २०१९ साली पहाटे उठलेली.

हो, ते शीर्षक राहिलंच. ‘आशंका’ शङ्क् धातूवरून आली, तिचं आशेशी काही नातं नाही. संस्कृतात तिला शंका आणि भीती दोन्ही अर्थ आहेत, ‘भीती’ म्हणून ती वापरते हिंदी. मराठीला धास्ती, धाकधूक, चिंता एवढे शब्द असताना ही उसनवारी कशाला? ‘प्रशासन’ त्याहून वाईट. अमेरिकन इंग्रजीत तो शब्द अध्यक्षाच्या कारकिर्दीतल्या मंडळींना लावतात, कायमच्या यंत्रणेला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं: प्रशासन म्हणजे कलेक्टर कचेरी, तहसील, निवडून न आलेले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर प्रशासकाचा कारभार बघितलेल्या सोलापूरकराला ‘नवं प्रशासन निवडून आलं’ हे वाक्य कसं लागावं? ‘सरकार’ लिहा. आणि ‘बद्दल’ काढा. सरकारबद्दल भीती म्हणजे ते पडेल की काय ही काळजीही असू शकते. सरकारची भीती म्हणजे भीतीच. शीर्षक असं हवं होतं: ‘नव्या सरकारकडून आशा, नव्या सरकारची धास्ती’.