ईएमआय फिल्टर लावून हार्मोनिक टेस्ट पास होईल का?

तुम्ही विचारलंय की मॉनिटरचा २०० वॅटचा पॉवर सप्लाय तयार आहे, आता हार्मोनिक लिमिटसाठी (हार्मोनिक म्हणजे लाईनच्या ५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) पुढे मोठा ईएमआय फिल्टर, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा फिल्टर, लावला तर भागेल का. नाही भागणार. मी माझ्या पहिल्या बोर्डाला हेच केलं होतं आणि टेस्टला नापास होऊन बोर्ड मुळापासून नवा काढावा लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ईएमआय फिल्टरचं काम १५० किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं आणि ५० हर्ट्झच्या लाईनचा तिसरा हार्मोनिक बसतो १५० हर्ट्झवर, हजार पट खाली, तो त्यातून सरळ निघून जातो.

खरी भानगड रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि त्यामागच्या मोठ्या कपॅसिटरची. व्होल्टेज पीकजवळ असतं तेवढ्यातच कपॅसिटर करंट ओढतो, त्यामुळे लाईनवर टोकदार पल्स दिसतात. तीन फेजवर असे भरपूर सप्लाय असले की तिसऱ्या हार्मोनिकचे करंट न्यूट्रलमध्ये कटत नाहीत, त्यांची बेरीज होते आणि न्यूट्रलची वायर तापते.

आता आकडे बघा. आयईसी ६१०००-३-२ या हार्मोनिक लिमिटच्या स्टँडर्डमध्ये मॉनिटर क्लास डी या गटात येतो, तिथे तिसऱ्या हार्मोनिकला वॅटमागे ३.४ मिलिअँपियर आणि पाचव्याला १.९, म्हणजे तुम्हाला २०० वॅटला ६८० आणि ३८० मिलिअँपियर. २३० व्होल्टला तुमचा मूळ (५० हर्ट्झचा) करंटच साधारण ८७० मिलिअँपियर आहे आणि अशा सप्लायमध्ये पाचवा सहसा त्याच्या निम्म्याहून जास्त निघतो, मग कसं बसणार? हेच क्लास ए मध्ये असतं तर तिसऱ्याला सरळ २.३ अँपियर मिळाले असते, म्हणून सर्किट काढायच्या आधी क्लास बघायचा.

तुम्हाला अॅक्टिव्ह पीएफसी लागेल, म्हणजे इनपुट करंटला व्होल्टेजसारखा आकार देणारं सर्किट: व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर, मागे साधारण ३९० व्होल्टची बस (डीसी लाईन) आणि ४५० व्होल्टचा कपॅसिटर. पण लोक अडकतात ते लूपमध्ये, म्हणजे बसचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या कंट्रोलमध्ये. बसवर १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) असणारच, व्होल्टेज लूप फास्ट ठेवला तर तो रिपल दाबायला जातो आणि इनपुट करंट परत वाकडा होतो, म्हणून लूपची बँडविड्थ (तो किती वेगाने प्रतिसाद देतो ते) १०-२० हर्ट्झच ठेवतात, आणि मग लोड अचानक बदलला की बस चांगलीच वरखाली होते. तेव्हा बसच्या मागचा, मॉनिटरला लागणारं व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर फक्त ३९० व्होल्ट धरून डिझाइन करू नका, ३५० ते ४२० पर्यंत त्याला झेपलं पाहिजे.