टॅम्पून पहिल्यांदा वापरायचाय, पण भीती वाटते

प्रश्न: नमस्कार ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय १९, पोलीस भरतीची तयारी करून राहिली आहे. सकाळी पाच वाजता आम्ही चार-पाच मुली डांबरी रोडवर पळायला जातो. पाळीत पॅड सरकते, घामानं मांड्या काचतात, मागच्या महिन्यात तर इतकं सोललं की तीन दिवस नीट चालता येत नव्हतं. नागपूरला होस्टेलवर राहणाऱ्या मामेबहिणीनं टॅम्पूनचं (पाळीचं रक्त आतच शोषून घ्यायला योनीत घालायची दोरीवाली गुंडाळी) पाकीट दिलं, बोटानं आत घालायचे छोटेवाले. दोनदा ट्राय केला, अर्धाच गेला, बसताना टोचला म्हणून काढून टाकला. आई म्हणते लग्नाआधी असलं काही वापरत नसतात, योनीतला पडदा फाटते, उद्या सासरचे विचारतील तर काय सांगशील. मैत्रीण म्हणते आत हरवला तर ऑपरेशन करावं लागते. भरतीत ८०० मीटर पळायचं आहे, तारीख नेमकी पाळीत आली तर काय करू?

उत्तर: पोरी, आधी त्या टोचण्याचं बोलू, कारण तुझं अर्धं कोडं तिथंच सुटते. टॅम्पून नीट बसला की तो आत आहे हे कळतसुद्धा नाही. टोचतोय म्हणजे दाराशीच अडकलाय. योनीच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं, तिथं सगळ्यात जास्त जाणवतं, ते ओलांडून पुढं गेलं की जागा सैल आहे. तू अर्ध्यावर सोडलास म्हणून त्रास झाला. आणि दुसरं म्हणजे दिशा. जवळपास सगळ्याच मुली पहिल्यांदा सरळ वर ढकलतात, पण ती वाट सरळ वर जातच नाही, मागे तिरपी जाते, म्हणून रोख कमरेच्या खालच्या मणक्याकडे ठेवायचा.

आता पुढच्या पाळीत असं कर. अंगावरून सगळ्यात जास्त जाते तो दिवस निवड, बहुतेकींचा दुसरा दिवस असतो, कारण ओलावा असला की सहज सरकतो आणि कोरड्यात ओढ बसते. घरात कोणी बाथरूमचं दार वाजवणार नाही अशी वेळ बघ. नखं कापलेली पाहिजेत, हात साबणानं दोनदा धुवायचे. हे मी दोनदा मुद्दाम म्हणते, कारण आपल्याकडच्या मुली कापूस वेचून, निंदण करून घरी येतात आणि त्या हाताला फवारणीचं औषध असू शकते. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरू शकत नाही. तसा हात आतल्या नाजूक कातडीला लागता कामा नये.

पाकिटावर थेंबांची चित्रं असतात, सगळ्यात कमी थेंबवाला घे, मोठा घेतला तर जास्त वेळ चालेल असा हिशोब करू नको. वेष्टण काढलं की दोरी एकदा ओढून बघायची, पक्की आहे ना. मग उकिडवं बस, आपल्याला ती सवय आहेच, नाहीतर एक पाय उपड्या बादलीवर ठेव. श्वास सोडताना हळूहळू आत सरकव, बोट जवळपास पूर्ण आत जाईपर्यंत, दोरी बाहेर राहू दे. उठून चार पावलं चाल. जाणवतोय? मग अजून थोडा आत ढकल, नाहीतर काढून टाक आणि नवीन घे. अंग आखडलं तर तिथंच थांब, चहा पी, उद्या बघू म्हण. जोर लावून करायचं हे काम नाही. तेल-व्हॅसलीन लावायची गरज नाही. लघवीची वाट वेगळी आहे, त्यामुळे टॅम्पून असताना लघवीला जाता येते, दोरी फक्त बाजूला धरायची. आणि दोन-तीन पाळ्या शांतपणे करूनही बोटाच्या पेराएवढाही आत जात नसेल किंवा खूप दुखत असेल तर लेडी डॉक्टरला दाखव, काही जणींचा पडदा वेगळ्या ठेवणीचा असतो, त्यावर साधा उपाय असतो.

आता आईचं. आईवर रागावू नको, तिला कोणी सांगितलंच नाही. पडदा म्हणजे दारावरचा बंद पडदा नव्हेच, वाटेच्या कडेनं असलेली लवचीक घडी आहे, मधे जन्मापासून मोकळी जागा असते, म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येते. टॅम्पूननं तो बहुतेक वेळा नुसता ताणला जातो, क्वचित कुणाचा थोडा फाटतो, तसा तो खेळताना किंवा सायकल चालवतानाही फाटू शकतो. पडद्यावरून मुलगी ‘कशी’ आहे हे कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यकाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्य चाचणीला शास्त्राचा आधार नाही हे अहवाल देऊन मांडलं, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो भाग अभ्यासक्रमातून काढला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ‘टू फिंगर टेस्ट’वर (योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीवर) बंदी असल्याचं ठणकावून सांगितलं. हे आईला वाचून दाखव, सेवाग्रामचं नाव ऐकलं की आपल्याकडच्या आया ऐकतात असा माझा अनुभव आहे. तरी नाहीच पटलं तर भांडू नको, शरीर तुझं आहे आणि वय १९ आहे.

हरवण्याचं म्हणशील तर, योनी ही शेवट असलेली पिशवी आहे. वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड, त्याचं छिद्र इतकं बारीक की टॅम्पून तिथून पोटात जाऊच शकत नाही. दोरी आत गेली तर उकिडवं बसून, बाळंतीण कळ देते तसा थोडा जोर करून, धुतलेल्या दोन बोटांनी काढता येते. नाहीच सापडला तर त्याच दिवशी दवाखाना, तिथं दोन मिनिटांचं काम असते. लाजेनं आठ दिवस तसाच ठेवलेल्या एका मुलीला मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स असताना पाहिलं आहे, वास सुटला, ताप आला, तरी ती सांगेना. असं करू नको बाई. आणि शेवटचा टॅम्पून काढायला विसरू नको, एक असताना दुसरा घालू नको.

खरी जपायची गोष्ट वेळ आहे. चार ते आठ तासांत बदलायचाच, आठच्या वर नाही म्हणजे नाही. रात्री मी तर पॅडच लाव म्हणेन, आपली झोप कधी लांबते सांगता येत नाही. जास्त वेळ ठेवला किंवा गरजेपेक्षा मोठा वापरला तर टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा आजार होऊ शकतो, स्टॅफिलोकॉकस नावाच्या जिवाणूचं विष रक्तात जाते. अमेरिकेत १९८० च्या सुमारास खूप शोषणाऱ्या टॅम्पूनमुळे याची मोठी लाट आली होती. आता हा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर झपाट्यानं वाढतो. एकदम जोराचा ताप, उलटी, संडास, चक्कर, अंगावर उन्हानं भाजल्यासारखी लाली. आता बघ, एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात ४५ डिग्रीत कोणी अशी पडली तर घरचे काय म्हणतात? ऊन लागलं, कांदा लावा, पन्हं पाजा. पावसाळ्यात म्हणतात डेंगू. म्हणून पाळीत टॅम्पून वापरत असताना असं झालं तर पहिलं काम तो काढणं, दुसरं १०८ ला फोन करून दवाखाना, आणि डॉक्टरला न लाजता सांगणं की मी टॅम्पून वापरत होते. हे एक वाक्य सांगितलं तर त्यांना आजार लवकर ओळखता येतो.

आणखी एक, आपण कापसाच्या मुलखातल्या, घरात कापूस ढीगभर. काही मुली विचारतात की घरच्या कापसाची गुंडाळी करून चालते का. अजिबात नाही. तंतू आत सुटतात, धूळ-औषध असते, काढायला दोरी नसते. परवडत नसेल तर पॅडच वापर, जनऔषधी दुकानात १ रुपयाला एक पॅड मिळते. मांड्या काचतात त्याला पॅडवरून घट्ट सायकलिंग शॉर्ट घालून बघ, पळायला बराच फरक पडतो.

आणि भरतीच्या दिवशी पहिला प्रयोग करायचा नाही. आधी दोन पाळ्या घरी, मग सरावाला घालून पळ, सवय झाली की ग्राउंडवर. तिथं नंबर लागायला कधी कधी चार-पाच तास जातात, म्हणून घातल्याची वेळ मोबाईलमध्ये लिही, बॅगेत दोन जास्तीचे आणि साबणाची वडी ठेव. वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात टाकू नको, टाकी तुंबते. मोठा टॅम्पूनसुद्धा दोन तासांत भिजत असेल तर एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) आणि सोबत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घे, रक्त कमी असेल तर ८०० मीटरला दम तिथंच संपतो.

प्रश्न: ताई, माझ्या बाळंतपणाला २० दिवस झाले, नॉर्मल झाली, टाके आहेत. अजून अंगावरून जाते. शेतात सोंगणीला जाणं भाग आहे, पॅडनं टाक्यांना जळजळ होते. टॅम्पून चालेल का? – एक बहीण, वाशिम जिल्हा

उत्तर: नाही बाई, आत्ता नाही. गर्भाशयातली जखम भरायची आहे, आत काही घातलं तर जंतू वर चढतात. किमान सहा आठवडे पॅड किंवा उन्हात कडक वाळवलेली सुती घडी, दर तीन-चार तासांनी बदललेली, आणि टाके कोमट पाण्यानं धुवून कोरडे ठेवायचे. सोंगणीला अजून तरी कोणी दुसरं जाऊ दे, घरच्यांना हे उत्तर दाखवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप चढला तर आशाताईची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात जा.