बाकावर बसलेली वर्षं

प्रश्न : मॅडम, मी 26 वर्षांचा आहे. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात तीन वर्षं होतो, पण कोर्टवर कमी आणि बाकावरच जास्त. आता इथल्या एका शाळेनं कोच म्हणून बोलावलंय. जो स्वतः मोठा खेळाडू झाला नाही, त्याचं पोरं ऐकतील का? की आधी पटियाळ्याचा कोचिंगचा कोर्स करावा?
– एक वाचक, कराड

उत्तर : नोकरी घ्या. तुमचं पत्र वाचताना मला सारखा अमेरिकन बास्केटबॉलपटू आणि कोच स्टीव्ह कर आठवत होता, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते.

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तो 15 हंगाम खेळला. 1988च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याचा नंबर पन्नासावा होता. त्याच्या दोन वर्षं आधी, स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत, गुडघा फाटला होता. अंगानं किरकोळ, उडी बेताची, सामन्यामागे सरासरी 6 गुण. सुरुवातीच्या पाचांत तो क्वचितच असायचा. पण तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे शंभरातले 45 शॉट आत जायचे. एनबीएच्या इतिहासात ही टक्केवारी आजही सर्वांत वरची आहे.

1997च्या अंतिम फेरीतला सहावा सामना, स्टीव्हचा शिकागो विरुद्ध युटा. 86-86 अशी बरोबरी आणि टाइमआउट, म्हणजे सल्लामसलतीसाठी खेळ थांबवलेला. सगळ्या जगाला ठाऊक होतं, चेंडू शिकागोच्या स्टार मायकल जॉर्डनकडेच जाणार. आपल्यावर दुसरा बचावपटू धावून येईल हे जॉर्डननं ओळखलं होतं, आणि स्टीव्हला त्यानं तयार राहायला सांगितलं होतं. तसंच झालं. पाचच सेकंद उरले असताना स्टीव्हनं शॉट घातला आणि शिकागोनं विजेतेपद घेतलं.

मला मात्र 2003चा सामना त्याहून मोठा वाटतो. वय 37, शेवटचा हंगाम, प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) सॅन अँटोनिओकडून तो जवळजवळ खेळलाच नव्हता. डलासविरुद्धच्या सहाव्या सामन्यात संघ मागे पडला होता, संघातल्या टोनी पार्करची तब्येत बिघडलेली. स्टीव्हला उठवलं आणि त्यानं तीन गुणांचे चार शॉट टाकले, चारही आत. कित्येक आठवडे बसून राहिलेल्या माणसाचा हात असा गरम कसा राहतो, याचा मी फार विचार केलाय. रोजचा सराव हे एक. दुसरं म्हणजे तो बसायचा, पण बघत बसायचा. शिकागोत कोच फिल जॅक्सन, सॅन अँटोनिओत कोच ग्रेग पोपोविच. बाकावरून इतक्या जवळून हे दोघं बघायला मिळाले, हेच त्याचं शिक्षण.

मनानंही तो घट्ट होता. वडील बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. जानेवारी 1984 मध्ये तिथेच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. स्टीव्ह तेव्हा 18 वर्षांचा, ॲरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला. दोनच दिवसांनी तो सामना खेळला. सुरुवातीच्या मौनात रडला, मग बाकावरून उठून आत गेला आणि पहिलाच शॉट लांबून घातला.

2014 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनं त्याला मुख्य कोच केलं, तेव्हा त्यानं साधं सहायक कोच म्हणूनही काम केलेलं नव्हतं. आदल्या हंगामात हा संघ पास देण्यात लीगमध्ये सर्वांत मागे होता. त्यानं सांगितलं, सामन्यात 300 पास झाले पाहिजेत. पहिल्याच हंगामात 67 सामने जिंकले आणि विजेतेपद घेतलं. पुढे 2017, 2018, 2022 मध्येही. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळालं, तेव्हाही कोच तोच.

फेब्रुवारी 2018 मध्ये फीनिक्सविरुद्ध त्यानं टाइमआउटला डावपेच आखायचा बोर्ड खेळाडूंच्याच हातात दिला. संघ त्यांचा आहे, असं त्याचं म्हणणं. प्रतिस्पर्ध्याचा अपमान केला म्हणून लोक बोललेही. मला पटलं. त्या वर्षी आमच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत मीही मार्कर एका मुलीला दिला. ही कायम बाकावर बसायची. तिनं गुडघ्यावर बोर्ड धरला आणि डाव्या कोपऱ्यात एक गोल काढला. म्हणाली, "मॅडम, हिच्याकडे कुणी बघतच नाहीये." मी तिसरा क्वार्टर संपेपर्यंत उभी होते, मला ते दिसलं नव्हतं. दोन मिनिटांत त्या कोपऱ्यातून आम्ही दोन बास्केट केली.

म्हणून विचारते, त्या तीन वर्षांत बाकावरून तुम्ही काय काय पाहिलंत? कोण दमला की डावीकडेच ड्रिबल करतो, कोणाला ओरडलं की तो कोमेजतो, कोच टाइमआउट उशिरा का घेतात? या आठवड्यात एका वहीत लिहून काढा. पहिल्या महिन्याचा सराव त्या वहीतूनच निघेल. पोरं तुमची पदकं मोजणार नाहीत. आपली चूक सरांना नेमकी दिसते का, हे त्यांना पहिल्या चार दिवसांत कळतं.

कोर्सचं म्हणाल तर जरूर करा, पण शाळा सोडून नको. पटियाळ्याच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, तो सुट्टीत जमतोय का बघा. वर्षभराचा डिप्लोमा दोन हंगाम शिकवून झाल्यावर. तेव्हा तिथे विचारायला तुमच्याजवळ खरे प्रश्न असतील. आणि जाताना ती वही बरोबर न्या.